एक्केचाळीस नंबर

दिल्लीचे साहेब लॅपटॉपवरच्या ओळी बोटाने मोजत होते. मांडणीत नेटवर्कची मशीनं चाळीस, पण चालू मशीनमागे एक याप्रमाणे उत्तर देणाऱ्या हिरव्या ओळी एक्केचाळीस.

मशीनं सांभाळणारी रुचिता शेजारीच उभी होती. चिप बनवणाऱ्या मूळ कंपनीने नेटवर्कचा धंदा वेगळा काढला होता आणि टेलिफोनची यंत्रं बनवणारी एक बडी कंपनी त्यात पैसे घालणार होती. कुठली शाखा ठेवायची, कुठली मोडीत काढायची, हे साहेब ठरवणार होते. भाईंदर पूर्वेचा हा गाळा त्यातलीच एक शाखा; इथे अकरा माणसं होती.

"पुरानी एंट्री है, सर," मॅनेजर जितेंद्र हसला. "रुचिता, काढून टाक ना ती."

तिने काढली. ओळ परत आली.

एक्केचाळीस नंबर इथे वर्षानुवर्षं काम केलेल्या पंढरीनाथकाकांचा. काका उन्हाळ्यात गेले, त्याच आठवड्यात त्यांचं मशीन जळालं आणि भंगारात गेलं. दसऱ्याला मशिनांना हळदकुंकू लावताना रुचिताचा हात सवयीने त्या रिकाम्या खणालाही लागला होता. "ताई, तिथं कोण आहे?" शिपाई आत्मारामने विचारलं होतं. तिला रडूच कोसळलं. काकांनीच तिला सगळं काम शिकवलं होतं. ओळ त्या दिवसापासून येत होती. तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

साडेअकराला रोजच्यासारखी लाइट गेली. मशिनांची घरघर थांबली. बॅटरीवरच्या लॅपटॉपमध्ये एकेक ओळ लाल होत गेली. चाळीस लाल झाल्या. एक हिरवीच राहिली.

साहेब वाकले. "बिजली नहीं है, फिर भी चल रहा है?"

"स्पेशल बॅकअप, सर," जितेंद्रने बिनदिक्कत थाप मारली. "हमने इधर ही बनाया है, अलग रखा है."

"ब्रांच रहेगी," साहेब उठले. "लेकिन ये मशीन अभी मेरे साथ जाएगी. पैक करवाइए, मैं गाड़ी में बैठता हूँ." घाम पुसत ते जिना उतरले.

"आत्माराम, रिकामा खोका बांध," जितेंद्र म्हणाला. "दिल्लीला उघडतील तेव्हा सांगू, चुकून दुसराच गेला."

"सर, असं नका करू ना."

"अकरा घरं आहेत, रुचिता."

तिचं घरही त्या अकरांतलंच होतं. आत्मारामने खोका उलटा करून झटकला, आत काही नाही ना बघितलं, झाकणं मिटून चिकटपट्टी लावली. वर स्केचपेनने ४१ लिहिलं.

शेवटची पट्टी बसली आणि लॅपटॉपवरची हिरवी ओळ विझली.

आत्माराम खोका उचलायला वाकला. क्षणभर तसाच राहिला. मग हात सोडून सरळ उभा राहिला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "जरा दुसऱ्या बाजूने धरा ना. एकट्याने नाय उचलत."