कालची वेळ

काशीकाकी दोन रिकामे हंडे घेऊन विहिरीवर पोचली, तेव्हा टँकर विहिरीत पाणी ओतून कधीच निघून गेला होता आणि खालच्या आळीतल्या बायकांनी ते उपसूनही नेलं होतं. तिने पोहरा सोडला. तो तळाच्या खडकावर आपटला.

घरी लेक स्नेहल बाळंतपणाला आलेली, पोर आठवड्याचंही नाही. दोघांच्या अंघोळीचं पाणी आज न्यायचं होतं.

तेवढ्यात सुयोगची मोटरसायकल कठड्याशी येऊन थांबली. आटगावला कॉम्प्युटरचं काम करणारा हा तिचा पुतण्या. टँकरच्या वेळा फोनवर दिसाव्यात म्हणून गावासाठी वेबसाइट त्यानेच बनवली होती, आणि गावात त्याच्या कौतुकाला तोटा नव्हता.

"टँकर तीनला ना रे?" काकीने फोन पुढे केला. "ह्यात तर तीनच हाय."

सुयोगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकी, आज अकराला आला तो. सकाळी मीच वेळ बदलली. पन तुज्या फोनात कालचीच रायली."

"ती कशी काय?"

"सगळ्या बाया घडीघडी उघडून बघतात. सर्व्हरवर लोड यायचा, साइट लटकायची, सर्व्हरचं भाडं वाढायचं. म्हनून परवा कॅशिंग लावलं. म्हंजे पानाची एक कॉपी काढून ठेवायची, इचारील त्याला तीच दाखवायची. सर्व्हरला दर टायमाला तरास नाय." त्याने मान खाली घातली. "ती कॉपी दिवसातनं एकदाच बदलंल असं ठेवलं. चुकलं माजं."

खालच्या आळीला टँकरचा हॉर्न ऐकू जातो. काकीचं घर वरच्या पाड्यावर, तिथे भरवसा फोनचाच.

काकीने पोहरा वर ओढून घेतला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुयोगला वाटलं. त्याने रिकामे हंडे गाडीला अडकवले आणि तिला मागे बसवून घरी आणलं.

"शेनवे गावावरनं पान्याचा जार आनतो, काकी. आत्ता जातो."

"आन. पन आदी बस."

उन्हातून आलेल्याला कोरडं परत पाठवायचं नाही, ही त्या घरची रीत. काकीने एकुलत्या एका भरल्या हंड्यात हात घातला. भरला कसला, तळाशी होतं तेवढंच. तांब्या तिरका करून तिने तो कसाबसा भरला.

"नको, काकी. पोराला ऱ्हाऊ दे."

"घे रे. ह्ये पन कालचंच हाय." ती हसली. "पानी शिळं चालतं, बाबा. टायम शिळा नाय चालत."

सुयोगने तांब्या उंच धरून, ओठ न लावता दोन घोट घेतले. उरलेलं पाणी काकीने पुन्हा हंड्यात ओतलं.