तांदळातलं नाव

नवी सून स्रवंती मुदखेडच्या घरात आली आणि तिच्या राज्यातल्या लोकांना काय म्हणायचं यावरून वाद रंगला. “आंध्रावाले म्हणा की,” सासरे म्हणाले. “अण्णा, राज्य कवाच बदललं. तेलंगणवाले!” दीर हसला. “तेलंगणकर लई शोभतं,” नणंदेनं ठोकून दिलं. स्रवंतीचं लक्ष पुढ्यातल्या तांदळाच्या ताटाकडं होतं. नवरा अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहिणार, जुनं तिथंच संपणार. तिच्या पायाचा अंगठा सारखा सतरंजी उकरत होता. नवऱ्याचा हात पुढं आला, तशी तिनं घाईनं तांदळात बोटानं आपलंच नाव तेलुगूत लिहून टाकलं. कुणालाच वाचता येईना. चाळीस वर्षं गावानं जिला ‘आंध्रावाली विठाबाई’ म्हटलं, ती सासू पुढं वाकली. “स्रवंती,” तिनं मोठ्यानं वाचलं. मग त्याखाली स्वतःचं माहेरचं नाव लिहिलं. स्रवंतीनं वाचलं, “यादम्मा.”