नार्मल

तेंदूपानांच्या हंगामात दुर्पताची बोटं पुन्हा आखडली. आठ वर्षांचा संधिवात. दर तीन महिन्यांनी देवरीला जाऊन रक्त तपासायचं, अंगातली सूज किती ते बघायचं. या खेपेला रिपोर्ट नॉर्मल निघाला. "सूज उतरली तरी दुखणं राहतं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. नवऱ्यानं मात्र कागदावरचा एकच शब्द धरून ठेवला. "नार्मल लिहून हाये! मंग पानाचे पुडे कायले बांधत नाही? ढोंग करून राहिली!" तिचं वाकडं बोट पकडून त्यानं जोरानं सरळ केलं. कडकन आवाज आला. दाराशी पडलेला कुऱ्हाडीचा दांडा तिनं दोन्ही तळव्यांत धरला आणि त्याच्या गुडघ्यावर हाणला. गुडघाही तसाच वाजला. तो भुईवर लोळत बोंबलू लागला. उरलेल्या बोटांनी रिपोर्टची घडी घालत तिनं विचारलं, "कायले बोंबलून राहिले? तुमचं रगत तर अजून तपासलंच नाही!"