तिसरा तुकडा

दुसरा तुकडाही उडाला. लाकडाचा टवका खिडकीच्या काचेवर टणकन आदळला आणि लेथच्या सळईवर पेनाची नुसती पितळी नळी फिरत राहिली.

धाकट्या दिराने लेथ बंद केला. कपाळावरचा भुसा पुसत तो वहिनीकडे वळला.

"गोंद लावताना आत हवा राहिलीय. नळी बसवायची, एवढंच तर काम होतं तुमच्याकडे, वहिनी."

हे त्याने गिऱ्हाइकासमोर सांगितलं. गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका, कोपऱ्यातल्या स्टुलावर ताठ बसलेल्या. पेनांसाठी आणलेलं लाकूड त्यांच्या पाडलेल्या शाळेच्या बाकाचं होतं, इतकं वाळलेलं की नखानेही कपचा निघावा. बाकीचे बाक कुणी नेले ते कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनी ढिगातून तीन तुकडे तेवढे उचलून आणले होते. त्यांतले दोन गेले. बाई तुटक आवाजात म्हणाल्या की, जळणात गेलं असतं तर निदान कुणाचा तरी चहा झाला असता.

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. तो दाराशी खुर्चीत बसला होता. सगळं त्याच्यासमोरच तर घडलं होतं. आधी ती बारीक गुणगुण, मग हत्याराचा थरथराट, मग दात खाल्ल्यासारखा खडखडाट. बोथट पटाशी लाकूड कापत नव्हती, ओरबाडत होती, हे आंधळ्यालाही ऐकून कळलं असतं. त्याला तर कळलंच होतं. तरी तो म्हणाला, "गोंदाचंच असेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दिराने तिसऱ्या तुकड्याला हात घातला, तेवढ्यात तिने तो उचलला.

"भाऊजी, बाजूला व्हा."

तो हसला. रागाच्या भरात यंत्राजवळ जाऊ नये, बोटं जातात, असं त्याने तिला समजावून सांगितलं. लहान मुलीला सांगावं तसं.

"राग मला आलाय," ती म्हणाली. "पटाशीला नाही."

सळईवरचा नट हाताने सुटेना. त्याने तो पान्याने आवळला होता. तिने सळई काढून टेबलाच्या काचेवर घरंगळवली, तर ती लंगडत गेली. एवढं आवळल्यावर वाकणारच, आणि वाकलेल्या सळईवर तुकडा नाचणारच. तिने दुसरी सळई लावली, नट दोन बोटांनी फिरवला आणि थांबली. मग पटाशी दगडावर घासली. अंगठ्याच्या नखावर टेकवून धार पाहिली, पुन्हा घासली. हत्याराचा टेका पुढे सरकवला, तुकड्यापासून जेमतेम नखभर. दोन्ही टोकांना पातळ गोंद पाजला आणि तो पुरता सुकू दिला.

मग लेथ सुरू झाला.

मनात ती नवऱ्याला नाही नाही ते बोलत होती, दिराला बोलत होती, मेलेल्या सासूलाही तिने सोडलं नाही. पण त्यातलं काही मनगटाच्या खाली उतरत नव्हतं. पातळ, केसांसारखी सालं पटाशीवरून सुटून तिच्या पदरावर पडत होती. टोक जवळ आलं की ती हाताचा भार काढून घ्यायची, हत्यार नुसतं टेकवायची. खोलीत आता एकच आवाज होता, रेशमी कापड ओढल्यासारखा.

सहा वर्षं तिने हेच केलं होतं, या खोलीचं दार आतून लावून. बाहेर पाटीवर नाव नवऱ्याचं, आणि त्याचे हात असे की चहाचा कप उचलला तर निम्मा चहा बशीत. हे तिने कुणाला कळू दिलं नव्हतं, दिरालाही नाही. आणि गेल्या महिन्यात त्याच नवऱ्याने भावाला बोलावून घेतलं होतं. लेथवर घरचा माणूस हवा, म्हणाला होता. घरचा माणूस! आजचे पेन नीट झाले की उद्यापासून लेथ दिराचा, तिने फक्त गोंद लावायचा.

तिने लाकडाला पॉलिश केलं आणि लेथ थांबवला. लाकूड मधासारखं चमकत होतं.

मुख्याध्यापिका उठून जवळ आल्या. चार वर्षांपूर्वी इथूनच घेतलेला पेन पर्समधून काढून त्यांनी त्या लाकडाशेजारी धरला. तीच गोलाई, तोच उतार. कितीतरी वेळ त्या बघत राहिल्या. बाकाच्या लाकडावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं, आणि मघाचा तुटकपणा त्यांच्या आवाजातून गेला.

"वळण अगदी तुमचंच आहे हो," त्या तिच्या नवऱ्याला म्हणाल्या. "छान तयार केलंत यांना."

तो खुर्चीत जरा सावरून बसला. "हो. शिकवलं थोडंफार."

दीर म्हणाला की, दादाच्या नुसत्या नजरेखाली माणूस तयार होतो.

तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. तो बोललाही.

"अगं, खाली आपली खूण राहिली. दोन रेघा. तेवढ्या घालून टाक."

तिने लेथ पुन्हा सुरू केला. मग पटाशी पात्याकडून धरली आणि दोन पावलं खुर्चीकडे जाऊन मूठ त्याच्यापुढे केली.

"खूण तुमची आहे," ती म्हणाली. "या. तुम्ही घाला."

मुख्याध्यापिकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. दीर म्हणाला, "जा की दादा, दोन रेघा तर आहेत."

नवऱ्याने दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये दाबून धरले. गुडघेही हलायला लागले.

तिने पटाशी मागे घेतली नाही.