नराची खूण

"नर आहे हा, वहिनी. तुरा बघा की, कसा लालभडक झालाय!"

धाकट्या दिराने पाखराचे दोन्ही पाय एका मुठीत धरून त्याला उलटं लटकावलं होतं.

"मादी आहे ती. खाली ठेवा, भाऊजी. अंड्यावर यायला लागली की कोंबडीचाही तुरा लाल होतो."

"तुम्हाला काय, सगळ्या माद्याच दिसतात!"

परसातली ही पिल्लं तिने वाढवली होती. घरात ठरलं होतं, नर निघेल तो कापायचा, मादीला हात लावायचा नाही. दोन कोंबडे तिने स्वतःहून काढून दिले होते, कुरकुर न करता. पण दिराचे मित्र जेवायला यायचे म्हटलं की खुराड्यातलं सगळ्यात भरलेलं पाखरू नेमकं नर ठरायचं. मागच्या वेळी ती माहेरी होती. आज ती समोर उभी होती.

नवरा पलीकडे स्कूटर पुसत होता. तो कोंबड्यांतच वाढलेला. लग्नानंतर त्यानेच तिला शिकवलं होतं : शेपटीच्या मुळाशी लांब, टोकदार पिसं लोंबायला लागली की नर, गोल टोकाची असली की मादी. तुऱ्यावर जाऊ नकोस, तुरा फसवतो.

"अहो, जरा इकडे या. तुम्हीच सांगा."

तो हात पुसत आला. पाखराच्या शेपटीच्या मुळाशी पिसं त्याने अंगठ्याने चाळवली. अंगठा क्षणभर थांबला. तो थांबलेला तिने पाहिला. मग त्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

"असेल नर. तो म्हणतोय तर."

"असेल? तुम्हाला कळत नाही?"

"एका कोंबडीसाठी सकाळी सकाळी डोकं नको खाऊस."

दीर पाखरू घेऊन हसत भिंतीमागे गेला. थोड्या वेळाने सोललेलं पाखरू मोरीत आणून टाकत म्हणाला, "साफ तेवढं करून द्या. पोरं पोचतीलच."

तिने सुरी चालवली, पोटात बोटं घातली. आत पिवळ्या बलकांचा घोस होता. मोहरीएवढे, वाटाण्याएवढे, गोटीएवढे. त्यांच्या खाली एक पुरं अंडं, पातळ कवच धरलेलं, अजून कोमट. आज-उद्या कोंबडीने ते घातलं असतं. नळ वाहत होता. बाहेरून मित्रांच्या हसण्याचा आवाज आला तशी ती उठली.

हात न धुताच तिने सगळं एका ताटलीत काढलं आणि बाहेरच्या खोलीत नेलं.

"अरे वा!" दीर म्हणाला. "कोंबड्याबरोबर अंडी फुकट!"

मित्र खो खो हसले. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ताटली नवऱ्याच्या पुढ्यात आदळली. अंडं गडगडून काठाला लागलं, त्याला बारीक चीर गेली.

"काय होतं हे?"

"अगं, लोकांसमोर काय हे..."

"परसात कुठे लोक होते? तिथे तरी बोललात?"

त्याने मान खाली घातली. "जाऊ दे ना आता. कापून झालं. आता काय उपयोग?"

"मी जाऊ देणार नाही. तुमचा अंगठा थांबला होता. मी बघितलंय. काय होतं हे, सांगा."

एक मित्र चुळबुळत उठायला लागला. "बसा," ती म्हणाली. तो बसला.

नवरा ताटलीकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले.

"मादी."

"मोठ्याने," ती म्हणाली.