पायरीवरचा पाट

आई पायरीवरून हलायला तयार नव्हती.

ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या घराच्या गच्चीवर आज गरम पाण्याच्या नव्या टबचं उद्घाटन होतं. टब घेतला आईच्या गुडघ्यांच्या नावाने, हौस सगळी शेखरची. त्याच्या बायकोचा भाऊ निरंजन बायको-मुलीला घेऊन नागपूरहून मुद्दाम आला होता. टबवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. पहिला मान आईचा. तिने स्टीलचा दांडा धरला, पाण्यात पाय बुडवला आणि लगेच काढला. कोपऱ्यातल्या त्या टबमध्ये चढायला एकच पायरी. तिच्यावर आईने बसकण मारली.

वर सुनेला म्हणाली, "पद्मजा, देवघरातला पाट आण."

पद्मजाने लाकडी पाट आणून दिला. तो खाली घेऊन, पाय वर ओढून आई बसली. निरंजन मिशीत हसला. शेखरने मान फिरवली.

"शेखर, ते बंद कर जरा. आवाजानं डोकं दुखून राहिलं."

"आई, त्या बुडबुड्यांचीच तर मजा आहे."

"मग इकडे ये."

तो गेला नाही. गेलो तर कानाशी लागून काहीतरी कुरकुर करणार, आणि ती सगळ्यांना दिसणार. शेखर उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये विजेचं खातं सांभाळायचा. टबची वायरिंग आपणच केली, हे तो निरंजनला जिन्यापासून सांगत आला होता. सकाळी बोर्डातला एक स्विच सारखा पडून त्रास देत होता, पाहुणे यायच्या आत त्याने तेही निस्तरलं होतं.

निरंजनची लेक अनुश्री पोहायचे कपडे घालून कधीची ताटकळत होती. "आजी, हटो ना. मुझे जाना है."

"नाही. हे माझ्या गुडघ्यांसाठी आणलं. आज कोणी नाही जाणार."

पोरीने बाजूने पाण्याकडे हात नेला. आईने त्या हातावर फाडकन मारलं.

अनुश्रीने भोकाड पसरलं. तिची आई मंजिरी तिला उचलून घेत म्हणाली, "चल बेटा. तो आजींचा आहे." शेखरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातला घास दुसऱ्याच्या पोराला देणारी ही बाई, म्हातारपणी इतकी हावरट कशी झाली? त्याला आईची लाज वाटली. तिची बाजू घेणं तर दूरच, तो पाहुण्यांकडे बघून हसला आणि म्हणाला, "या वयात होतं असं. आपण लक्ष नाही द्यायचं." हे आईला ऐकू गेलं. तिने फक्त पदर सारखा केला.

पद्मजा सगळ्यांना जेवायला खाली घेऊन गेली. शेखर मागे राहिला. "झालं समाधान? ऊठ आता," म्हणत त्याने दांड्याकडे हात नेला.

आईने तो झटकला. "त्याले हात नको लावू. आधी बंद कर. पाण्यातही आहे."

"काय आहे?"

"करंट."

तो बोर्डापाशी गेला, झाकण उघडलं. करंट कुठे गळायला लागला की आपोआप पडणारा स्विच समोरच होता. आणि त्याला वगळून सरळ जोडलेली तार. सकाळी त्याने स्वतःच जोडलेली. नवा माल आहे, थोडी ओल असेल, असं म्हणून. मिलमध्ये असं करणाऱ्याला त्याने त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. त्याने मेन स्विच खाली ओढला. बुडबुडे थांबले. अनुश्रीचा ओला न झालेला हात त्याच्या डोळ्यांसमोरून जाईना.

तो परत आला. आई गुडघा धरून पाटावरून उतरायचा प्रयत्न करत होती. इतका वेळ आखडून बसल्याने पाय सरळ होत नव्हता. शेखर तिच्यापुढे खाली बसला. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होईना.

"सगळ्यांसमोर सांगितलं काहून नाही, आई?"

"बोलावलं ना तुले. तू आला नाही." त्याच्या खांद्यावर भार टाकून ती हळूहळू उभी राहिली. "अन् पाव्हण्यांसमोर कशी सांगू, बाबू? तुले लाज वाटली असती."