स्क्रू ढिले ठेवा

तिच्या नवऱ्याने शिलाई मशीन पहिल्यांदा आपटलं तेव्हा चाक तडकलं. त्याच जुन्या बनावटीचं चाक मी भंगारात शोधून तिला बसवून दिलं. दुसऱ्यांदा त्याने मशीन टेबलासकट तिच्या अंगावर ढकललं. सुईचा दांडा वाकला आणि तिचा ओठ फाटला.

"ताई, याचे पार्ट आता मिळत नाहीत," मी दांडा ठोकून सरळ करत म्हणालो. "मागचे दोन्ही स्क्रू ढिले ठेवत जा. तो पिऊन आला की वरचं मशीन उचलायचं आणि लपवायचं."

"फार जड आहे हो, दादा."

"बिडाचं आहे, जड असणारच. होईल सवय."

आज ती पुन्हा दुकानात आली. मशीनवर साधा ओरखडाही नव्हता, पण चाक फिरत नव्हतं. मी ते पालथं करून शटल उघडलं, तर आतून एक दात पडला. माणसाचा, मुळासकट.

"अरे देवा! ताई, आता दातही पाडला त्याने तुमचा?"

 

ती तोंडभर हसली. बत्तीसच्या बत्तीस जागेवर होते. "आता जड नाही वाटत, दादा."